‘सोमवारपर्यंत’चं इंग्रजी काय?

वाचकाचं पत्र: मी सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच आणि खरेदी सांभाळतो. शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. गेल्या वर्षापासून परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहावे लागतात. परवा साहेबांनी माझा एक मेल लाल खुणा करून परत दिला, पण चूक काय ते सांगितलं नाही. मेल सोबत जोडला आहे. आता व्याकरणाचं पुस्तक पहिल्यापासून वाचू, की क्लास लावू?

मेल असा होता: ‘मायसेल्फ फ्रॉम डिस्पॅच डिपार्टमेंट. वुई हॅड सेंट यू द कोटेशन येस्टर्डे. वुई आर सप्लाइंग धिस पार्ट सिन्स फाइव्ह इयर्स. आवर डायरेक्टर हॅव अप्रूव्ह्ड द डिस्काउंट. वन ऑफ द ड्रॉइंग इज नॉट क्लिअर, काइंडली डिस्कस अबाउट इट. ऑलदो वुई डिड नॉट रिसीव्ह्ड द परचेस ऑर्डर बट वुई विल डिस्पॅच द मटेरियल टिल मंडे. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

उत्तर:

क्लास नको, आणि पुस्तकही पहिल्या पानापासून नको. सात वाक्यांत बारा चुका आहेत, पण आकड्याला घाबरू नका. बारापैकी दहा चुका अस्सल मराठी आहेत. तुमचं मराठी व्याकरण पक्कं आहे आणि ते तुम्ही इंग्रजीत जसंच्या तसं नेलंत, एवढंच झालंय. इंग्लंड-अमेरिकेतली माणसंही चुका करतात, पण वेगळ्या. ‘वुड हॅव’च्या जागी ती ‘वुड ऑफ’ लिहून बसतात, कारण बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं. त्यांची चूक कानातून येते, आपली भाषांतरातून. म्हणून प्रत्येक चुकीमागचा मराठी शब्द किंवा प्रत्यय शोधायचा. तो सापडला की दुरुस्ती लक्षात राहते.

(इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत छापली आहेत. स्पेलिंगची भानगड बाजूला राहते आणि वाक्याची घडण तेवढी डोळ्यांसमोर येते.)

सगळ्यात महाग चूक आधी घेऊ. ‘टिल मंडे’. तुमच्या मनात होतं, ‘सोमवारपर्यंत माल पाठवू’. मराठीतला ‘पर्यंत’ दोन कामं करतो आणि इंग्रजीत त्या दोन कामांना दोन शब्द आहेत. ‘दुकान सहा वाजेपर्यंत उघडं असतं’ इथे काम सहापर्यंत सतत चालू आहे, म्हणून ‘टिल’. ‘सहा वाजेपर्यंत या’ इथे सहाच्या आत केव्हाही या, सहा ही शेवटची मर्यादा, म्हणून ‘बाय’. तुम्ही लिहिलंत त्याचा अर्थ असा होतो की सोमवारपर्यंत आम्ही माल पाठवत राहू आणि मग थांबू. गिऱ्हाईक समजून घेईलही, पण पेमेंटच्या किंवा टेंडरच्या तारखेत असा घोळ झाला तर समजूत काढताना नाकी नऊ येतील. ओळखायची खूण अशी: ‘पर्यंत’च्या जागी ‘तोवर सतत’ बसलं तर ‘टिल’, ‘त्याआधी केव्हाही’ बसलं तर ‘बाय’. संगणकावरचं चुका शोधणारं सॉफ्टवेअर ही चूक बहुतेक वेळा सोडून देतं, कारण ‘टिल मंडे’चं वाक्य व्याकरणाने बरोबरच असतं. चुकतो तो अर्थ.

‘दोन दिवसांनी कळवतो’ याचीही हीच गत. आपण ‘आफ्टर टू डेज’ लिहितो. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की दोन दिवस होऊन गेल्यावर कधीतरी, म्हणजे दहाव्या दिवशीसुद्धा. आजपासून मोजून दोन दिवसांनी म्हणायचं असेल तर ‘इन टू डेज’. दोन दिवसांच्या आत म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’.

आता काळ. ‘आम्ही काल कोटेशन पाठवलं होतं’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, ‘काल पाठवलं आहे’ हेही निर्दोष. इंग्रजीत दोन्ही चुकतात. ‘हॅड सेंट’ हे रूप दोन भूतकाळ शेजारी असताना लागतं: ‘वुई हॅड सेंट द कोटेशन बिफोर यू कॉल्ड’, तुमचा फोन येण्याआधीच पाठवलं होतं. दुसरी घटना नसताना नुसतं ‘हॅड सेंट’ वाचलं की समोरचा पुढच्या गोष्टीची वाट बघतो. पाठवलं होतं, मग काय झालं, परत घेतलं का? आणि ‘हॅव सेंट’ हे रूप नेमक्या वेळेशी जमत नाही. वाक्यात येस्टर्डे, लास्ट वीक, ऑन १२ जून, इन २०१९ असं काही असेल तर साधा भूतकाळ: ‘वुई सेंट द कोटेशन येस्टर्डे’. वेळ काढून टाकलीत की ‘हॅव’ चालेल: ‘वुई हॅव सेंट द कोटेशन’. म्हणजे तारीख ठेवायची किंवा ‘हॅव’ ठेवायचं, दोन्ही नाही. अपवाद ‘सिन्स’चा, त्याच्याकडेच वळू.

‘सिन्स फाइव्ह इयर्स’ हे आपल्या ‘पाच वर्षांपासून’चं भाषांतर. मराठीत ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच प्रत्यय लागतो. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, मोजलेला कालावधी असेल तर ‘फॉर’. सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी; फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू आवर्स. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता आलं तर ‘सिन्स’, बोटांवर मोजावं लागलं तर ‘फॉर’. त्याच वाक्यात क्रियापदही चुकलंय. ‘करतो आहोत’ हा आपला वर्तमानकाळ मागची पाच वर्षं सहज पोटात घेतो. इंग्रजीतलं ‘आर सप्लाइंग’ फक्त आत्ताचं सांगतं. मागून सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला ‘हॅव बीन सप्लाइंग’ लागतं. ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ लिहिलात आणि काम अजून सुरू असेल, तर त्याआधी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आहे का, ते बघायची सवय लावून घ्या.

‘आवर डायरेक्टर हॅव अप्रूव्ह्ड’ ही चूक वाचताना मात्र हसू येतं, आणि थोडं कौतुकही वाटतं. ‘साहेबांनी मंजुरी दिली आहे, साहेब आले आहेत.’ आपलं आदरार्थी अनेकवचन! इंग्रजीत मान देण्यासाठी अनेकवचन नाही. कितीही मोठा साहेब असला तरी तो एकच, म्हणून ‘हॅज’. ‘पाटील सर आर नॉट इन द ऑफिस’ हेही त्याच घरातलं.

‘डिड नॉट रिसीव्ह्ड’कडे बघा. ‘मिळाली नाही’ या मराठी शब्दांत भूतकाळ ‘मिळाली’त आहे आणि ‘नाही’ नुसता नकार देतो. इंग्रजीत उलटं घडतं. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने उचलला, मूळ क्रियापद मोकळं: ‘डिड नॉट रिसीव्ह’. प्रश्नातही तसंच, ‘डिड यू रिसीव्ह’, ‘डिड यू सेंड’. तुमच्या वाक्यात मात्र तेवढ्यावर भागत नाही. परचेस ऑर्डर ‘अजून’ आलेली नाही. हा ‘अजून’ मनात असेल तर ‘हॅव नॉट रिसीव्ह्ड’ हवं. ‘डिड नॉट रिसीव्ह’ म्हटलं की प्रकरण संपल्यासारखं वाटतं, आता ऑर्डर येणारच नाही असं.

त्याच वाक्यात ‘ऑलदो... बट’ आहे, म्हणजे आपली ‘जरी... तरी’ची जोडी. मराठीत दोन्ही हात लागतात, इंग्रजीत एकच. ‘ऑलदो’ ठेवा आणि मधे स्वल्पविराम द्या, किंवा ते काढून नुसतं ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज... सो’ आणि ‘ॲज... सो’ हीही आपल्या ‘कारण... म्हणून’ची पिल्लं, तिथेही एकच ठेवायचं. ‘इफ... देन’ मात्र चालतं, तिथे उगाच काटछाट करू नका.

‘डिस्कस अबाउट’मध्ये जरा थांबायला हवं, कारण इथे एका चुकीतून दहा सुटतात. मराठीत आपल्याला ‘डिस्कस’सारखं एकशब्दी क्रियापद क्वचितच मिळतं. आपण नाम घेतो आणि त्याला ‘करणे’, ‘साधणे’, ‘देणे’ असं काहीतरी जोडतो: चर्चा करणे, विनंती करणे, संपर्क साधणे, भर देणे, उल्लेख करणे. नाम आलं की त्याला प्रत्यय लागतोच. कशाविषयी चर्चा, कोणाशी संपर्क, कशावर भर. इंग्रजीतही नाम असेल तर शब्दयोगी लागतो: ‘अ डिस्कशन अबाउट द ड्रॉइंग’, ‘अ रिक्वेस्ट फॉर पेमेंट’, ‘ॲन ऑर्डर फॉर बोल्ट्स’, ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’. पण यांचंच क्रियापद आलं की ते कर्माला थेट धरतं: डिस्कस द ड्रॉइंग, रिक्वेस्ट पेमेंट, ऑर्डर बोल्ट्स, एम्फसाइज क्वालिटी, कॉन्टॅक्ट द सप्लायर, मेन्शन द डेट. आपण क्रियापद इंग्रजी वापरतो आणि मनात नाम मराठी असतं, म्हणून ‘अबाउट’, ‘फॉर’, ‘ऑन’, ‘विथ’ आपोआप चिकटतात. ‘रीच्ड टू पुणे’मधला ‘टू’ असाच ‘पुण्याला’मधून येतो, ‘रीच्ड पुणे’ म्हणा. ‘कम्प्राइज ऑफ’ आणि ‘डिस्पाइट ऑफ’मधला ‘ऑफ’ काढून टाका. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही.

याच्या उलट जाणारी थोडी क्रियापदं आहेत, ती वेगळी पाठ करावीच लागतात. ‘मला समजावून सांगा’ म्हणून आपण ‘एक्सप्लेन मी’ लिहितो. तिथे ‘टू’ हवा, ‘एक्सप्लेन इट टू मी’. सजेस्टलाही तसाच. आणि टेल, आस्क, इन्फॉर्म यांना माणसाआधी ‘टू’ नको: ‘आय टोल्ड हिम’, ‘वुई इन्फॉर्म्ड द बँक’. ‘-शी लग्न’ म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ लिहितो, हवं ‘मॅरीड टू’. ‘माझ्यावर रागावले’ म्हणून ‘अँग्री ऑन’ लिहितो, हवं ‘अँग्री विथ मी’. ‘सीनिअर’ आणि ‘ज्युनिअर’पुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’.

‘वन ऑफ द ड्रॉइंग’ कुठून आलं? ‘ड्रॉइंगपैकी एक’ म्हणताना मराठीत अनेकवचन दिसतच नाही. ‘मुलांपैकी एक’ म्हणालात तर ‘मुलांचा’ अनुस्वार ओरडून सांगतो की मुलं बरीच आहेत. ‘ड्रॉइंग’सारख्या उसन्या शब्दाला तो अनुस्वार आपण बऱ्याचदा लावत नाही. इंग्रजीत ‘वन ऑफ’नंतरचं नाम नेहमी अनेकवचनी, पण क्रियापद ‘वन’शी जुळणारं: ‘वन ऑफ द ड्रॉइंग्ज इज’.

अनेकवचनाचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या खात्यात रोज लागणारी एक गोष्ट. इक्विपमेंट, मशिनरी, फर्निचर, इन्फॉर्मेशन, स्टेशनरी, फीडबॅक यांना इंग्रजीत ‘एस’ लागत नाही. काही ठिकाणी मराठी तुमच्या बाजूने आहे. ‘माहित्या’ कोणी म्हणत नाही, तसंच ‘इन्फॉर्मेशन्स’ नाही. ‘यंत्रसामग्र्या’ नाही, म्हणून ‘मशिनरीज’ नाही. पण काही ठिकाणी मराठीच दगा देते. आपण सल्ले देतो, पुरावे देतो, बातम्या ऐकतो, उपकरणं विकत घेतो, आणि मग ‘ॲडव्हायसेस’, ‘एव्हिडन्सेस’, ‘न्यूज आर’, ‘इक्विपमेंट्स’ लिहून मोकळे होतो. चारही चूक. नग मोजायचे असतील तर ‘थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट’, नाहीतर सरळ ‘थ्री मशीन्स’.

आणखी दोन चुकांकडे भरभर बघू. ‘मायसेल्फ’ने ओळख करून देऊ नका, ‘आय ॲम’ पुरे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा ‘टू गो’, ‘टू सेंड’मधला नाही. तो आपल्या ‘-कडे’सारखा आहे, त्याच्यापुढे नाम बसतं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’. नाम बसतंय म्हणजे क्रियापदाला ‘इंग’ लावायचं, ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’. ‘कमिटेड टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘विथ रिगार्ड टू’ या तिन्हींना हीच कसोटी लावा.

तुमच्या मेलमध्ये नसलेल्या, पण मराठी माणसाच्या मेलमध्ये हमखास सापडणाऱ्या तीन-चार चुका सांगतो. आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ किंवा ‘इटसेल्फ’ होऊन उतरतो: ‘येस्टर्डे ओन्ली वुई डिस्पॅच्ड’, ‘टुडे इटसेल्फ’. बहुतेक वेळा तो गाळला तरी वाक्याचं काही बिघडत नाही. ‘आज सकाळी’ म्हणजे ‘टुडे मॉर्निंग’ नव्हे, ‘धिस मॉर्निंग’. ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. ‘माल कधी येईल ते कळवा’ लिहिताना ‘व्हेन विल द मटेरियल अराइव्ह’ असा प्रश्नार्थक क्रम आतल्या वाक्यात ठेवू नका. ‘प्लीज लेट अस नो व्हेन द मटेरियल विल अराइव्ह’. आणि ‘वुई वुड डिस्पॅच’ हे ‘विल’पेक्षा नम्र वाटतं म्हणून लिहिलं जातं, पण वाचणारा पुढच्या अटीची वाट बघतो. पाठवू, पण केव्हा, कशावर अवलंबून? वचन द्यायचं असेल तिथे ‘विल’.

‘अ’ आणि ‘द’ तुम्ही बरेच बरोबर लावलेत, एकच ‘द’ राहिला, ‘डिस्पॅच डिपार्टमेंट’आधी, ती बारावी चूक. मराठीत उपपदं नाहीतच, म्हणून खूण सांगून ठेवतो. नामाआधी मराठीत ‘एखादा’ बसला तर ‘अ’, ‘तो आपला ठरलेला’ बसला तर ‘द’. ‘अ’ की ‘ॲन’, हे अक्षर बघून नाही, उच्चार ऐकून ठरवा. ‘ॲन एलआयसी पॉलिसी’, कारण सुरुवात ‘ए’ने होते. ‘अ यूपीआय पेमेंट’, कारण सुरुवात ‘य’ने होते, मग अक्षर स्वर का असेना. ‘ॲन आवर’, ‘अ युनिट’.

जे चूक नाही त्याला चूक म्हणू नका, हेही सांगायला हवं. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे आणि भारतात बिनधास्त वापरावा. ‘डू द नीडफुल’ ही ब्रिटिशांच्याच जुन्या कारभारी इंग्रजीची उरलेली खूण आहे. चूक नाही, पण आता परदेशी कानाला जुनाट लागते. तुमची गिऱ्हाइकं बाहेरची असल्यामुळे ‘प्रीपोन’ऐवजी ‘मूव्ह अप’ किंवा ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा. ‘रिव्हर्ट’ मात्र टाळाच. उत्तर द्या या अर्थाने तो आपल्याकडे चालतो, बाहेर त्याचा पहिला अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’. ड्रॉइंगमध्ये बदल करून ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत तर समोरचा बदल काढून टाकू की काय, अशा विचारात पडेल. ‘रिप्लाय’ म्हणा. ‘रिव्हर्ट बॅक’ आणि ‘रिटर्न बॅक’मध्ये तर ‘परत’ दोनदा येतं. व्याकरणाबाहेरची, पण त्याच मेलमधली बाब: लाख-कोटी आणि १,५०,००० हा स्वल्पविराम बाहेर कळत नाही, तिथे १५०,००० लिहितात. आणि ५/६ ही तारीख अमेरिकन माणूस ६ मे वाचतो. महिना अक्षरांत लिहा.

आता काम कसं करायचं ते. स्वतःचे पाठवलेले शेवटचे वीस मेल छापून घ्या. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि हॅड, हॅव, डिड तपासा. दुसऱ्या फेरीत फक्त टिल, बाय, सिन्स, फॉर. तिसऱ्या फेरीत क्रियापदाला चिकटलेले अबाउट, ऑन, टू. एका फेरीत एकच जात बघायची. सगळं एकदम बघितलं की डोळा अर्थ वाचायला लागतो आणि चूक निसटते. कुठली चूक किती वेळा झाली, ते वहीत मराठी शब्दाखाली मांडा: पर्यंत, पासून, होतं, जरी-तरी, विषयी. वरच्या तीन-चार चुका एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा आणि महिनाभर मेल पाठवण्याआधी तेवढ्याच तपासा. सवय झाली की चिठ्ठी बदला. वाक्य पंधरा-वीस शब्दांच्या पुढे गेलं तर तोडा. तुमच्या ‘ऑलदो’च्या एका वाक्यात तीन चुका झाल्या, त्याला लांबी हेही एक कारण.

तुमचा मेल दुरुस्त करून असा होतो: ‘आय ॲम रायटिंग फ्रॉम द डिस्पॅच डिपार्टमेंट. वुई सेंट यू द कोटेशन येस्टर्डे. वुई हॅव बीन सप्लाइंग धिस पार्ट फॉर फाइव्ह इयर्स. आवर डायरेक्टर हॅज अप्रूव्ह्ड द डिस्काउंट. वन ऑफ द ड्रॉइंग्ज इज नॉट क्लिअर. कॅन वुई डिस्कस इट? वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द परचेस ऑर्डर, बट वुई विल डिस्पॅच द मटेरियल बाय मंडे. वुई लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’

एवढं करूनही साहेब कदाचित पुन्हा दोन लाल खुणा करतील, आणि त्या बरोबर असतील. कुठलं ड्रॉइंग ते मेलमध्ये नाही. त्याचा नंबर आणि रिव्हिजन लिहा. आणि ‘मंडे’पुढे तारीख टाका.